‘हस की जरा’ म्हटल्यावर चेहरा का अडतो

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही २६ वर्षांचे आहात, घर खानापूर तालुक्यात आहे, बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तयार जॉब, म्हणजे यंत्रावर बनवलेले सुटे भाग, मापून तपासण्याचे काम करता आणि दोन वर्षांपूर्वी तुम्हाला ऑटिझमचे (इतरांशी संवाद साधण्याची आणि जग अनुभवण्याची जन्मापासूनची वेगळी घडण) निदान झाले, असे तुम्ही लिहिले आहे. वैशाखात ताईचे लग्न आहे. साखरपुड्याचे फोटो पाहून एका नातेवाइकाने सर्वांसमोर ‘बहिणीचं लग्न ठरलंय का घरात कोण गेलंय?’ असे विचारले. तेव्हापासून दोन महिने तुम्ही रोज रात्री आरशासमोर हसण्याचा सराव करत आहात आणि तरीही कोणी ‘हस की जरा’ म्हटले की चेहऱ्याचे भलतेच काहीतरी होते. हसण्याचा सराव नेमका कसा करावा, असे तुम्ही विचारले आहे. आणि शेवटी, जवळजवळ जाता जाता, ज्याला बहिणीच्या लग्नाच्या फोटोत हसता येत नाही त्याला आनंद होतच नाही असे समजायचे का, असेही विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देते: तसे मुळीच समजू नका. पहिल्याचे उत्तर मात्र लांब आहे, कारण तुमची अडचण हसण्याची आहे असे मला वाटत नाही. ती दुसऱ्याने सांगितल्यावर, त्याच क्षणी, चेहऱ्यावर हसू आणून दाखवण्याची आहे, आणि या दोन गोष्टी शरीराच्या दृष्टीने वेगवेगळ्या आहेत. मी गेली बावीस वर्षे बेळगावात वाचा-भाषा उपचार करते. ओठ, जीभ, गाल आणि जबडा यांच्या हालचालींशी माझा रोजचा संबंध येतो. जे सांगते आहे ते बहुतेक त्या कामातून आलेले आहे.

आपली भाषा या बाबतीत किती नेमकी आहे ते पाहा. मराठीत आपण ‘मला हसू आले’ असे म्हणतो, ‘हसू फुटले’, ‘हसू आवरेना’ असे म्हणतो. झोप येते, रडू येते, शिंक येते, तसे हसू येते. ज्याला ते येते त्याच्याकडे आपण कर्ता म्हणून पाहतच नाही. मुद्दाम केलेल्या हसण्याला वेगळे शब्द आहेत: उसने हसू, ओढूनताणून हसणे. ‘आता तीन म्हणेपर्यंत शिंक’ असे आपण कोणाला सांगत नाही, पण ‘स्माइल’ असे सहज सांगतो, कारण पुष्कळ लोकांना उसने हसू बऱ्यापैकी जमते आणि ते जमते म्हणून ते सगळ्यांनाच जमत असणार, असे त्यांना वाटते.

हा फरक मला पुस्तकातून कळला होता, पण पटला तो एका आजोबांमुळे. ते निपाणीकडचे होते आणि पक्षाघातानंतर बोलणे सुधारण्यासाठी माझ्याकडे येत असत. तपासताना मी त्यांना ‘दात दाखवा’ म्हणाले की तोंडाचा उजवा कोपरा जागचा हलत नसे. त्यांनी कितीही जोर लावला तरी डावी बाजूच वर जाई. एके दिवशी त्यांचा नातू हातात कसलेसे खेळणे घेऊन दारातून धावत आला आणि आजोबा दोन्ही बाजूंनी, पूर्ण चेहऱ्याने हसले. स्नायू तोच होता आणि त्या स्नायूपर्यंत जाणारी सातव्या क्रमांकाची चेतातंतूंची जोडी, जिला फेशियल नर्व्ह म्हणतात, तीही तीच होती. बदलला होता तो वरून येणारा आदेश. मुद्दाम केलेल्या हालचालीचा आदेश मेंदूच्या बाह्य आवरणातल्या हालचाल-केंद्रातून निघतो. आपोआप आलेल्या हसण्याचा आदेश भावनांशी जोडलेल्या, अधिक खोल भागांतून निघतो. आणि दोन्ही वाटा शेवटी चेहऱ्याच्या त्याच चेतातंतूंना येऊन मिळतात. आजोबांची पहिली वाट तुटली होती आणि दुसरी शाबूत होती. याच्या उलटही होते. पार्किन्सन या हालचाली मंदावणाऱ्या आजाराच्या रुग्णांचा चेहरा आपोआप फारसा हलत नाही, पण सांगितले तर त्यांतले अनेक जण हसून दाखवू शकतात. ऑटिझममध्ये कोणतीही वाट तुटलेली नसते, आणि तुमच्या मेंदूला इजा झाली आहे असे मला अजिबात सुचवायचे नाही. एवढेच दाखवायचे आहे की सांगून आलेल्या हसण्यावरून आपोआप येणाऱ्या हसण्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, मग आतल्या आनंदाबद्दल तो कसा काढता येईल?

आता तुमच्या चेहऱ्याचे ‘भलतेच’ काय होते ते पाहू. फ्रेंच चेताशास्त्रज्ञ ड्युशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन कोणता स्नायू कोणता भाव उमटवतो ते नोंदवले. खऱ्या आनंदाच्या हसण्यात दोन स्नायू एकत्र काम करतात असे त्यांना दिसले. एक गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तिरका उतरतो आणि कोपरा वर खेचतो. दुसरा डोळ्याभोवती कड्यासारखा असतो आणि गाल उचलून डोळे किंचित बारीक करतो. पहिला बहुतेकांना मुद्दाम हलवता येतो, पण दुसरा ठरवून हलवणे अनेकांना कठीण जाते, म्हणून उसने हसू ओठांत राहते आणि डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. ज्यांना पहिला स्नायूही नेमका सापडत नाही त्यांचे काय होते, ते मी टेबलापलीकडून शेकडो वेळा पाहिले आहे. ते ओठांचे कोपरे वर नेण्याऐवजी आडवे, कानांच्या दिशेने ओढतात, जबडा आवळतात, जोर वाढला की मानेच्या शिरा उभ्या राहतात आणि खालचे दात दिसू लागतात. कोपरे आडवे ताणणे आणि मानेचा पातळ स्नायू आवळणे ही भीतीच्या भावातली हालचाल आहे. म्हणजे माणूस मनापासून हसण्याचा प्रयत्न करत असतो आणि समोरच्याला तो घाबरलेला किंवा चिडलेला दिसतो. ‘ओढूनताणून’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याने हे नीट पाहिले असावे.

तुम्ही विचाराल की दोन महिने सराव करूनही ही चूक दुरुस्त का होत नाही. तुमच्याच कामातले उदाहरण घेते. जॉब तपासताना तुमच्या हातात व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर असतो, माप ड्रॉइंगशी ताडून पाहता येते आणि किती टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक, चालेल हे लिहिलेले असते. हातापायांच्या स्नायूंतही निसर्गाने अशी मोजमापाची सोय केली आहे. त्यांच्यात ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात, म्हणून डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे ते कळते. हावभावांच्या स्नायूंत असे संवेदक जवळजवळ नसतात. आपला चेहरा या क्षणी कसा आहे, हे कोणालाच आतून नीट कळत नाही; त्वचेच्या ताणावरून अंदाज येतो तेवढाच. मग बाकीच्यांना हे जमते कसे? लहानपणापासून समोरच्यांचे चेहरे न्याहाळत, नकळत त्यांची नक्कल करत आणि आपल्या चेहऱ्यावर समोरून काय प्रतिसाद येतो ते टिपत, हजारो वेळा, ते हे माप शिकलेले असतात. अनेक ऑटिस्टिक मुलांना समोरच्या चेहऱ्याकडे सतत पाहणे त्रासाचे असते, आणि दुसऱ्याला हसताना पाहून आपला चेहरा नकळत हसरा होण्याची क्रियाही त्यांच्यात कमी आढळते. म्हणजे तुमच्याकडे हे ड्रॉइंग कधी आलेच नाही, आणि आता वयाच्या २६ व्या वर्षी सगळे गेजशिवाय, म्हणजे मापाच्या साधनाशिवाय, जमवावे अशी अपेक्षा आहे.

आरसा हा त्यासाठीचा गेज नाही. आरशात पाहताना तुम्ही एकाच वेळी करणारे, पाहणारे आणि दोष काढणारे असता. इतकी कामे एकदम केली की हालचाल आखडते. शिवाय आपोआप आलेले हसू साधारण अर्ध्या ते चार सेकंदांत येऊन विरते. आरशासमोर किंवा कॅमेऱ्यासमोर ते धरून ठेवायचे म्हटले तर कोणाचेही हसू शिळे दिसते. मांडवातला फोटोग्राफर पन्नास जणांची फ्रेम जुळवेपर्यंत एकदा मराठीत ‘हसा’ आणि एकदा कन्नडमध्ये ‘स्वल्प नग्री’ म्हणत राहतो, त्या वेळचे सगळ्यांचेच चेहरे एकदा निरखून पाहा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला उपयोगी वाटेल. २००४ च्या पॅरालिंपिकमधील ज्युदो खेळाडूंच्या छायाचित्रांचा अभ्यास पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत जन्मापासून अंध असलेले खेळाडू होते, ज्यांनी आयुष्यात कोणाचे हसू पाहिलेले नव्हते. तरीही जिंकल्यावर आणि हरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आपोआप उमटलेले भाव डोळस खेळाडूंसारखेच होते. सांगितलेला भाव ठरवून चेहऱ्यावर आणणे मात्र जन्मांध माणसांना अवघड जाते, हे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आपोआप येणारे हसू सोबत घेऊन आपण जन्मतो. दाखवायचे हसू शिकावे लागते, आणि ते शिकण्याची वाट प्रत्येकाला सारखी खुली नसते.

यापुढचे बरेचसे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुम्हाला न पाहता मी ते ठरवू शकत नाही. ऑटिस्टिक माणसे या बाबतीत एकसारखी नसतात. काहींचा चेहरा एरवी शांत असतो आणि आवडीच्या विषयावर बोलताना उजळून निघतो. काही जण इतरांपेक्षा जास्त हसतात, पण भलत्या वेळी. काही उत्तम नकला करतात. २०१८ मध्ये याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात असे दिसले की ऑटिस्टिक व्यक्तींच्या चेहऱ्यावर भाव कमी वेळा आणि कमी काळ दिसतात, पाहणाऱ्यांना ते काहीसे वेगळे वाटतात, पण जेव्हा उमटतात तेव्हा त्यांची तीव्रता कमी नसते. हे सरासरीचे चित्र आहे, त्यात तुम्ही कुठे बसता हे तुमच्या आईला आणि ताईला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

पण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि ती मी माझ्या टेबलावर नक्की विचारली असती: चेहरा पहिल्यापासून असाच आहे, की अलीकडे बदलला आहे? पहिल्यापासून असेल तर त्याला आजार समजू नका. गेल्या काही महिन्यांत हसणे कमी झाले असेल, हालचाली मंदावल्या असतील, जेवताना किंवा दारातून जाताना मध्येच थबकायला होत असेल, आवडत्या गोष्टींत रस राहिला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. धारवाडची शासकीय मानसिक आरोग्य संस्था आपल्या भागापासून फार दूर नाही. चिडचिडीसाठी दिलेल्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ रिस्पेरिडोनने, चेहरा ताठ होऊ शकतो. तशी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. थायरॉइड कमी असेल तरीही चेहरा सुस्त दिसतो. आणि एकच बाजू हलत नसेल तर तो वेगळाच विषय आहे, त्याला त्याच दिवशी डॉक्टर लागतात.

दुसरी शक्यता अधिक नाजूक आहे. आपल्याला आत्ता काय वाटते आहे ते ओळखणे आणि त्याला नाव देणे काही जणांना कठीण जाते. याला अलेक्सिथायमिया म्हणतात आणि ऑटिस्टिक व्यक्तींत सुमारे निम्म्या जणांत ते आढळते. अशा माणसाला ‘आनंद झाला का?’ असे विचारले तर तो खरेच गोंधळतो, आणि मग लोकांनी ‘तुला काही वाटतच नाही’ म्हटले की तेही त्याला खरे वाटू लागते. तुमच्या बाबतीत मला ही शक्यता कमी वाटते, कारण आनंद झाला की छाती गरम होते आणि बोटे एकमेकांवर भराभर आपटावीशी वाटतात, असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. साखरपुड्याच्या दिवशी दुपारभर तसे होत होते, आणि आई ‘लोक बघतात, हात थांबव’ म्हणाली म्हणून तुम्ही ते थांबवले. संपूर्ण प्रश्नात मला सर्वांत जास्त थांबवले ते याच वाक्याने. तुमचा आनंद त्या दिवशी बाहेर आला होता. तो बोटांतून आला आणि घरच्यांनी तो ओळखला नाही. जिथून यायला हवा असे सर्वांना वाटत होते तिथे तो सापडला नाही म्हणून नातेवाइकाने तुम्हाला बोलून दाखवले.

मला या विषयावर इतके कळकळीने लिहावेसे वाटते त्याला एक कारण आहे, आणि ते सांगितले नाही तर उत्तर अपुरे राहील. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः मुलांना आरशासमोर बसवून हसायला शिकवत असे. दात दिसले की स्टिकर, असा तो पाठ होता. सात वर्षांचा एक मुलगा तो फार लवकर शिकला आणि त्याचे आईवडील आनंदले, मीही आनंदले. काही महिन्यांनी त्याची आई रडत आली. वर्गात शिक्षक रागावले की हा दात दाखवत असे, आणि त्यामुळे त्याला दुप्पट शिक्षा होत होती. मोठे माणूस आपल्या चेहऱ्याकडे रोखून पाहू लागले की त्याला दात हवे असतात, एवढेच त्या मुलाने माझ्याकडून शिकले होते. तो घाबरून, मला खूश करायला शिकवलेली हालचाल करत होता. त्या शिक्षेला माझे शिकवणे कारणीभूत होते, आणि त्या दिवसानंतर मी तो पाठ कायमचा बंद केला. पुढे एक तरुणी माझ्याकडे आली. साडीच्या दुकानात दिवसभर हसतमुख राहणे हा तिच्या नोकरीचा भाग होता आणि तिने ते इतके साधले होते की कोणाला शंकाही येत नसे. ती घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत पडून राही, जबडा दुखे, जेवण जात नसे. स्वतःला लपवण्याच्या अशा सततच्या प्रयत्नाचा ऑटिस्टिक प्रौढांतल्या आत्महत्येच्या विचारांशी संबंध असल्याचे ब्रिटनमधल्या अभ्यासात २०१८ मध्ये दिसून आले आहे. तुमच्या मनात कधी तसे काही आले तर १४४१६ हा शासनाचा टेलिमानस क्रमांक विनामूल्य आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.

या सगळ्याची दुसरी बाजू पाहणाऱ्यांची आहे. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात, आणि या शब्दाने तुमच्यासारख्यांचे नुकसान केले आहे असे माझे मत आहे, कारण तो ऐकला की स्वतःतच बुडालेला, इतरांची पर्वा नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. माझा अनुभव तसा नाही. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये असे मांडले की न समजण्याची ही अडचण दुहेरी असते: ऑटिस्टिक माणसाला इतरांचे जितके कळत नाही, तितकेच इतरांनाही त्याचे कळत नसते, पण दोष मात्र एकाच्याच पदरात पडतो. २०१७ मधील एका अभ्यासात लोकांना ऑटिस्टिक प्रौढांचे काही सेकंदांचे व्हिडिओ दाखवले तेव्हा त्यांचे मत लगेच प्रतिकूल झाले, पण त्याच व्यक्तींचे तेच बोलणे फक्त लिहून वाचायला दिले तेव्हा तो फरक उरला नाही. ही व्यक्ती ऑटिस्टिक आहे असे आधी सांगितले तर पाहणाऱ्यांचे मत सुधारते, असेही पुढे दिसले. म्हणून तुमच्या दोन महिन्यांच्या मेहनतीतली बरीचशी मेहनत मी आरशावरून काढून या दुसऱ्या बाजूला लावली असती.

तरीही सराव करायचाच असेल तर तो तुमचा अधिकार आहे, आणि तुम्ही सरळ विचारले आहे म्हणून सरळ सांगते. आरसा झाकून ठेवा. हसण्याचा प्रयत्न सोडून आधी चेहरा सैल करायला शिका: दातांत दात न लावता ओठ मिटायचे, खांदे खाली सोडायचे आणि श्वास तोंडाने हळू बाहेर सोडायचा. बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर ओठ किंचित विलग झाले की थांबायचे. फोटोसाठी एवढा चेहरा पुरेसा आहे. तो शांत दिसतो, रागीट दिसत नाही. त्याच्या पुढे जायचे असेल तर कोपरे ओढू नका, हसू येईल असे काहीतरी स्वतःला द्या, जसे एखादा आवाज, एखादी आठवण किंवा ज्याने तुम्हाला खात्रीने हसू येते असा मोबाइलवरचा तुकडा, आणि ताईला त्या वेळी सलग वीसपंचवीस फोटो काढायला सांगा. नंतर तुम्ही दोघांनी बसून त्यांतला कोणता तुमच्यासारखा वाटतो ते निवडा. आरशापेक्षा हा गेज बरा आहे, कारण त्यात पाहणे नंतर होते. आठवड्यातून दोन वेळा, पाच मिनिटे, याहून जास्त नको. गाल दुखू लागले तर त्या दिवशी बंद. दोन-तीन आठवड्यांत काही फरक नाही पडला तर सोडून द्या, त्यात तुमचे काही कमी नाही.

लग्नाच्या दिवसाची तयारी मात्र नीट करा, कारण तिथे परिस्थिती तुमच्या विरुद्ध असते. व्हिडिओचे दिवे डोळ्यांवर, साउंड कानाशी, ओळख नसलेल्या माणसांचे हात खांद्यावर, आणि अशा वेळी कोणाचाही चेहरा आखडतो. फोटोग्राफरला आदल्या दिवशीच ताईकडून किंवा तुम्ही स्वतः सांगा की ‘मला हसायला सांगू नका, काही करत असताना फोटो काढा.’ एवढेच वाक्य, मराठीत आणि कन्नडमध्ये पाठ करून ठेवले तरी चालेल. मुलीच्या भावाला आपल्या लग्नात करण्यासारखे पुष्कळ असते, हे तुमच्या सोयीचे आहे. लाजाहोमात ताईच्या ओंजळीत लाह्या तुम्ही घालणार आहात, कानपिळी तुमच्या हातून होणार आहे. त्या वेळी हात कामात असतात, नजर कुठे ठेवायची हा प्रश्न नसतो आणि कोणी तीन मोजत नाही. हसू आले तर त्याच वेळी येईल, आणि नाही आले तरी त्या फोटोत भाऊच दिसेल. कुटुंबाचा मोठा फोटो जेवणाआधी, गर्दी वाढण्यापूर्वी उरकायला सांगा. मधूनमधून दहा मिनिटे बसता येईल अशी एक खोली कार्यालयात आधीच बघून ठेवा.

पाहुण्यांशी भेटताना हसण्याचे काम शब्द आणि हात करू शकतात, आणि आपल्याकडे त्यासाठी तयार रीत आहे. दोन्ही हात जोडून नमस्कार, ‘या, बसा’, पाण्याचा तांब्या पुढे करणे, हे केलेल्या माणसाला आमच्या खानापूर-बेळगावकडे कोणी माजोरी म्हणत नाही. ‘आज मला फार आनंद झालाय’ हे वाक्य तोंडाने म्हणा. बहुतेक लोक ते चेहऱ्यावर शोधतात कारण कोणी ते बोलून दाखवत नाही. कन्नड पाहुण्यांना ‘भाळ खुशी आत्री’ म्हणा. कारखान्यातही हेच चालेल: गिऱ्हाईक आले की नमस्कार आणि ‘रिपोर्ट तयार आहे’. सुपरवायझरला तुमच्या निदानाबद्दल सांगायचे की नाही, हे तो माणूस कसा आहे त्यावर ठरवा. ते बाहेरून मी सांगू शकत नाही आणि घाईने सांगूही नये.

बोटांचे मात्र घरी आजच सांगा. आईला समोर बसवून सांगा की मला आनंद होतो तेव्हा हात असे होतात, ते थांबवले की मला त्रास होतो आणि तुम्हाला माझा आनंद दिसायचा राहतो. बोलणे जमत नसेल तर प्रश्नात जसे लिहिले आहे तसेच कागदावर लिहून द्या. ते मला इथे बसून समजले, तर आईला नक्की समजेल. नातेवाइकांना उत्तर देण्याचे काम मग तिचे आणि ताईचे आहे, तुमचे नाही.

आणि शेवटी तुम्ही लिहिले आहे की रुखवतासाठी लेथवर स्वतः पितळेचे निरांजन करत आहात, ताईला अजून सांगितलेले नाही आणि तीनदा पॉलिश करूनही कडेवर एक चरा दिसतो म्हणून ते देऊ की नको असे वाटते. द्या. रुखवत मांडण्यापूर्वी, हॉल रिकामा असताना, ते तिच्या हातात द्या आणि फोटोग्राफरला तेवढ्या वेळी जवळ थांबायला सांगा. तुमचा चेहरा त्यात कसा येतो याची काळजी करू नका आणि बोटे हलली तर हलू द्या.